पाइपमधल्या पिळदार प्रवाहाचं मॉडेल कसं बांधायचं: आधी कागदावर, मग संगणकावर

पंपातून नुकतंच बाहेर पडलेलं पाणी, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हनंतरची हवा, वेगवेगळ्या प्रतलांत लागोपाठ बसवलेल्या दोन एल्बोंमधून आलेलं तेल, हे सगळं पाइपमधून पुढे सरकताना अक्षाभोवती फिरतही असतं. प्रवाहातला हा पीळ कधी नको असतो, तर कधी मुद्दाम दिलेला असतो. फ्लो मीटरच्या आधी तो नको असतो. ऑरिफिस प्लेटसारख्या मीटरसाठी असलेल्या आयएसओ ५१६७ या मानकाप्रमाणे पाइपच्या छेदात सगळीकडे पिळाचा कोन (प्रवाहाची दिशा पाइपच्या अक्षापासून जितकी कलते तो कोन) २ अंशांपेक्षा कमी असेल, तरच प्रवाह पीळमुक्त मानता येतो. बर्नरमध्ये ज्योत जागेवर टिकावी म्हणून, सायक्लोनमध्ये धूळ बाजूला पडावी म्हणून आणि हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत उष्णता जास्त वाहून जावी म्हणून मात्र पीळ मुद्दाम दिला जातो.

हा लेख इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला किंवा एम.टेक.ला असलेल्यांसाठी आहे. कारखान्यात 'जरा सीएफडी (संगणकावर प्रवाहाचं गणित) करून बघ' असं काम अंगावर आलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. कॅल्क्युलस आणि नेव्हिअर-स्टोक्स समीकरणं एकदा डोळ्यांखालून गेलेली असली की पुरे. सॉफ्टवेअर उघडण्याआधी कोनीय संवेगाचा हिशोब हाताने मांडा, असा माझा आग्रह आहे. त्या हिशोबातून एक साधं गुणोत्तर निघतं. पुढे कितीही गुंतागुंतीचं मॉडेल चालवलंत, तरी त्याच गुणोत्तरावर ते पारखून घेता येतं.

पायरी १: कोणता प्रश्न सोडवायचा आहे ते ठरवा

'पिळाचा प्रवाह' या नावाखाली तीन वेगळे प्रश्न येतात. नवशिक्यांची गल्लत बहुतेक वेळा इथेच होते.

पहिला प्रश्न विरत जाणाऱ्या पिळाचा. सुरुवातीला एल्बोने, पंपाने किंवा गाइड व्हेनने पीळ दिला, पुढे पाइप सरळ आहे, तर किती अंतरावर पीळ किती उरेल? दुसरा प्रश्न टिकून राहणाऱ्या पिळाचा. पाइपभर पीळ दिलेली पट्टी बसवलेली असते, किंवा पाइप स्वतःच फिरत असतो. तिसरा प्रश्न जोरकस पिळाचा. इथे पीळ इतका तीव्र असतो की मधला प्रवाह अडतो, कधी उलटाही वाहतो.

पहिल्या प्रश्नाला कागद-पेन्सिलीने बरंच उत्तर मिळतं. दुसऱ्यात टर्ब्युलन्स मॉडेलची खरी परीक्षा होते. तिसरा अवघड आहे, पण त्याची सीमारेषा हाताने काढता येते. सुरुवात पहिल्यापासून करा.

पिळाचा उगमही नीट समजून घ्या. एका एल्बोनंतर पाइपच्या छेदात दोन भोवरे तयार होतात आणि ते एकमेकांविरुद्ध फिरतात. त्यांचा एकत्रित कोनीय संवेग जवळपास शून्य असतो. दोन एल्बो वेगवेगळ्या प्रतलांत जवळजवळ असतील, तर मात्र पूर्ण छेद व्यापणारा एकच भोवरा उरतो आणि तो लांबवर जातो. या लेखातली मॉडेलं या एकसंध पिळाची आहेत. एकाच एल्बोनंतरच्या जोडभोवऱ्यांना ती लावू नका.

पायरी २: चिन्हं आणि दोन संख्या

दंडगोलीय सहनिर्देशक घ्या. अक्षाच्या दिशेचं अंतर क्ष, मध्यापासूनचं अंतर र, पाइपची त्रिज्या त्रि आणि व्यास व्या. अक्षीय वेग उ, त्याची छेदावरची सरासरी म. स्पर्शीय वेग व. त्रिज्येच्या दिशेचा वेग सरळ पाइपमध्ये, पीळ सौम्य असताना, अगदी लहान असतो आणि पहिल्या मॉडेलात तो सोडून देता येतो. प्रवाह अक्षाभोवती सममित आहे आणि काळानुसार बदलत नाही, असंही धरा.

पहिली संख्या रेनॉल्ड्स नंबर. तो नेहमीचाच, म्हणजे म × व्या भागिले गतिज श्यानता. दुसरी स्वर्ल नंबर: कोनीय संवेगाचा प्रवाह भागिले त्रिज्या गुणिले अक्षीय संवेगाचा प्रवाह. चिन्हांत लिहायचं तर

स्वर्ल नंबर = ∫ उ·व·र² ÷ ( त्रि × ∫ उ²·र )

दोन्ही ठिकाणी समाकलन मध्यापासून भिंतीपर्यंत. प्रवाह घन वस्तूसारखा फिरत असेल, म्हणजे व = ओमेगा × र असेल, आणि उ सगळीकडे म इतकाच असेल, तर हे गणित एका ओळीत सुटतं: स्वर्ल नंबर = ओमेगा·त्रि ÷ २म. म्हणजे कडेच्या स्पर्शीय वेगाचं अक्षीय वेगाशी जे गुणोत्तर, त्याच्या निम्मा.

एक सावधगिरी बाळगा. वेगवेगळ्या शोधनिबंधांत स्वर्ल नंबरची व्याख्या थोडी वेगळी असते. कुणी भाजकात २ घेतं, कुणी खरा अक्षीय संवेग न घेता सरासरी वेगाचा वर्ग घेतं. दुसऱ्याचा आकडा आपल्या आकड्याशेजारी मांडण्याआधी व्याख्या वाचा.

पायरी ३: पिळाचा आकार निवडा

स्पर्शीय वेग त्रिज्येप्रमाणे कसा बदलतो यासाठी तीन नमुने पुरेसे आहेत. घन वस्तूसारखं फिरणं, म्हणजे व हा र च्या प्रमाणात. मुक्त भोवरा, म्हणजे व हा र च्या व्यस्त प्रमाणात. आणि दोन्हींची जोड: मध्ये घन गाभा, बाहेर मुक्त भोवरा. ही जोड तुटक रेषेने मांडली की रँकिनचा भोवरा होतो आणि घातांकी फलनाने गुळगुळीत केली की बर्गर्सचा.

दोन एल्बोंनंतरचा पीळ बराचसा घन गाभ्यासारखा असतो. कडेच्या फटीतून स्पर्शरेषेने आत आलेल्या प्रवाहाला मात्र बारीक गाभा आणि बाहेर मुक्त भोवरा असा आकार येतो.

आकाराचा थेट परिणाम दाबावर होतो. त्रिज्येच्या दिशेचं समीकरण इथे साधं होतं: दाबाचा त्रिज्येवरचा उतार = घनता × व² ÷ र. घन फिरण्यासाठी भिंत आणि मध्य यांच्या दाबातला फरक निघतो १/२ × घनता × (ओमेगा·त्रि)². पाणी असेल आणि कडेचा स्पर्शीय वेग सेकंदाला ०.३६ मीटर असेल, तर हा फरक साधारण ६५ पास्कल, म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. आकडा किरकोळ वाटतो, पण गाभा बारीक झाला की मधला दाब झपाट्याने खाली जातो. पंपाच्या सक्शनमध्ये हवेची शेपटी आत ओढली जाते ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट इथेच ध्यानात घ्या, पायरी ७ मध्ये ती लागेल. पाइपमधून पुढे जाताना पीळ विरतो, त्यामुळे मध्यातला कमी झालेला दाब पुढे पुढे वाढत जातो. याचा अर्थ, मध्यावरून वाहणाऱ्या द्रवासमोर चढत्या दाबाची उतरंड असते आणि तो मंदावतो. स्पर्शीय वेग अक्षीय वेगाला असा छेडतो.

पायरी ४: पहिलं मॉडेल, कोनीय संवेगाचा हिशोब

पाइपचा एक छोटा तुकडा घ्या. त्यात शिरणारा कोनीय संवेग आणि बाहेर जाणारा कोनीय संवेग यांतला फरक भिंतीच्या घर्षणाने खाल्लेला असतो. दुसरं काही त्याला खात नाही. दाब त्रिज्येच्या आणि अक्षाच्या दिशेने ढकलतो, त्याचा अक्षाभोवती पीळ पडत नाही. म्हणून हा हिशोब इतका स्वच्छ आहे.

घन फिरणं आणि एकसारखा अक्षीय वेग धरा. छेदातून जाणारा कोनीय संवेग:

२π × घनता × ∫ म·(ओमेगा·र)·र² = (π/२) × घनता × म × ओमेगा × त्रि⁴

आता भिंतीचं घर्षण. सरळ प्रवाहात भिंतीवरचा कातर ताण = लॅम्डा × घनता × म² ÷ ८. इथे लॅम्डा म्हणजे डार्सीचा घर्षण गुणांक, मूडी चार्टवरून घेतो तोच. पीळ सौम्य असेल तर भिंतीजवळचा प्रवाह थोडा तिरका जातो आणि ताणही तितकाच तिरका होतो. म्हणून स्पर्शीय ताण = अक्षीय ताण × (ओमेगा·त्रि ÷ म). हे गृहीतक आहे आणि या मॉडेलचा सगळा भार त्याच्यावर आहे. त्याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा.

दर मीटर लांबीला भिंत किती पीळ ओढून घेते? ताण × परिघ × त्रिज्या, म्हणजे २π·त्रि² × स्पर्शीय ताण. आधीच्या ओळी यात भरल्या की

(π/४) × घनता × लॅम्डा × म × ओमेगा × त्रि³

दोन्ही बाजू जुळवा, समान अवयव काटा, आणि उरतं हे:

ओमेगाचा क्ष वरचा उतार = −(लॅम्डा ÷ व्या) × ओमेगा

उत्तर घातांकी निघतं. क्ष अंतरावरचा पीळ = सुरुवातीचा पीळ × ई^(−बीटा × क्ष ÷ व्या), आणि या मॉडेलप्रमाणे बीटा म्हणजे खुद्द लॅम्डा. पीळ किती वेगाने विरेल हे नेहमीच्या घर्षण गुणांकानेच सांगितलं. पहिल्याच पानावर इतकं हाती येतं, आणि प्रवाहशास्त्रात असं क्वचित घडतं.

बीटा ÷ लॅम्डा हे गुणोत्तर वहीत ठळक लिहा. या मॉडेलसाठी ते १ आहे.

पायरी ५: आकडे घालून बघा

पाइप १०० मिलिमीटर व्यासाचा, पाणी, सरासरी वेग सेकंदाला १ मीटर. रेनॉल्ड्स नंबर सुमारे १,००,००० आणि गुळगुळीत पाइपसाठी लॅम्डा सुमारे ०.०१८. कडेचा स्पर्शीय वेग सेकंदाला ०.३६ मीटर, म्हणजे कोन साधारण २० अंश आणि स्वर्ल नंबर ०.१८.

हा कोन २ अंशांवर यायला किती लांबी लागेल? २ अंशांचा टॅन्जंट ०.०३५. मग ०.३६ ÷ ०.०३५ चा नैसर्गिक लॉगरिदम २.३३. त्याला ०.०१८ ने भागा: १२९ व्यास, म्हणजे जवळपास १३ मीटर. 'मीटरच्या आधी दहा व्यास सरळ पाइप सोडला, आता पीळ कसला उरतोय' असं साइटवर सर्रास ऐकू येतं. दहा व्यासांत या मॉडेलप्रमाणे जेमतेम सहावा हिस्सा पीळ जातो. फ्लो स्ट्रेटनर लावतात ते यासाठीच.

प्रयोगात पीळ मोजायची एक जुनी आणि भरवशाची रीत आहे: पाइपमध्ये अक्षावर मोकळी फिरणारी चार सरळ पात्यांची चक्री बसवायची आणि तिचे फेरे मोजायचे. पंप संपच्या (पंप ज्यातून पाणी ओढतो त्या हौदाच्या) मॉडेल चाचण्यांत हीच चक्री वापरतात. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत अशा संपची मॉडेलं तपासली जातात. कोनाचा टॅन्जंट = π × व्यास × सेकंदाचे फेरे ÷ अक्षीय वेग. आपल्या उदाहरणात चक्री सेकंदाला साधारण १.१५ फेरे घेईल. पंपांच्या अमेरिकी मानकात, हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या ९.८ मध्ये, सक्शनमधल्या सरासरी पिळाच्या कोनाची मर्यादा ५ अंश आहे.

पायरी ६: गृहीतक तपासा, आधी लॅमिनर प्रवाहात

एकसारखा अक्षीय वेग ही सोयीची कल्पना होती. लॅमिनर प्रवाहात अक्षीय वेगाचा खरा आकार आपल्याला नेमका माहीत असतो: २म × (१ − र²), इथून पुढे र म्हणजे त्रिज्येने भागलेलं अंतर, ० ते १. पीळ सौम्य असेल तर हा आकार बिघडत नाही आणि स्पर्शीय वेगाचं समीकरण रेषीय राहतं. लॉरेन्स टॅलबट यांनी १९५४ मध्ये या प्रश्नाचं विश्लेषण प्रसिद्ध केलं.

स्पर्शीय वेग = फ(र) × ई^(−क × (क्ष ÷ त्रि) ÷ रेनॉल्ड्स नंबर) असं लिहा. अक्षाच्या दिशेचं श्यान विसरण सोडून द्या. समीकरण उरतं:

फ″ + फ′/र − फ/र² + क(१ − र²)फ = ०

मध्यावर आणि भिंतीवर फ शून्य. हा आयगेनव्हॅल्यूचा प्रश्न आहे. क च्या ठराविक किमतींनाच उत्तर मिळतं आणि सर्वांत लहान क सर्वांत जास्त लांब टिकतो. बाकीचे आकार सुरुवातीच्या थोड्या लांबीत मरून जातात. पीळ कसाही द्या, पुढे तो याच एका आकारात स्थिरावतो.

संगणकाकडे जाण्याआधी क चा अंदाज हाताने काढा. समीकरणाला र·फ ने गुणा आणि ० ते १ समाकलन करा:

क = ∫( र·फ′² + फ²/र ) ÷ ∫ र(१ − र²)फ²

आता फ साठी दोन्ही टोकांना शून्य होणारं कोणतंही साधं फलन घ्या. समजा फ = र(१ − र). अंशात १/६ + १/१२, म्हणजे १/४. छेदात १/४ − २/५ + २/७ − १/८, म्हणजे ३/२८०. भागाकार ७०/३, म्हणजे २३.३. या रीतीची गंमत अशी की असा अंदाज खऱ्या उत्तराच्या वरच राहतो, खाली कधी जात नाही. फ = र(१ − र²) घेऊन पाहा, २६.७ येईल. म्हणजे पहिलं फलन सरस.

आता नेमकं उत्तर काढा. पायथनमध्ये र = ०.०१ वर फ = ०.०१ आणि फ′ = १ घेऊन रुंगे-कुट्टा रीतीने भिंतीपर्यंत चला आणि भिंतीवर फ शून्य होईपर्यंत क हलवत राहा. क = २१.४ मिळेल. वीसेक ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. तुमचा आकडा २३.३ च्या वर गेला, तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे हे हातच्या गणिताने आधीच सांगून ठेवलं आहे.

हे पुन्हा व्यासाच्या भाषेत आणा. बीटा = २ × २१.४ ÷ रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे ४२.८ ÷ रेनॉल्ड्स नंबर. लॅमिनर प्रवाहात लॅम्डा = ६४ ÷ रेनॉल्ड्स नंबर. गुणोत्तर ०.६७. आपल्या पहिल्या मॉडेलने १ सांगितलं होतं. गणित दोन ओळींचं, तरी उत्तर दीडपटीच्या आत आहे. रेनॉल्ड्स नंबर १००० असताना पीळ दर १६ व्यासांना निम्मा होतो.

आता टर्ब्युलंट प्रवाह. क्रीथ आणि सोंजू यांनी १९६५ मध्ये मांडलं की टर्ब्युलंट पीळ सुमारे ५० व्यासांत सुरुवातीच्या १० ते २० टक्क्यांवर येतो, आणि रेनॉल्ड्स नंबर कमी असेल तर लवकर येतो. लॅम्डा रेनॉल्ड्स नंबरबरोबर कमी होतो, त्यामुळे आपल्या मॉडेलची दिशाही तीच आहे. पुढे १९९८ मध्ये स्टेनबर्गन आणि व्होस्कॅम्प यांनी सौम्य पिळाच्या मोजमापांवरून हे गुणोत्तर १.४९ काढलं, अधिक-उणे ०.०७.

म्हणजे आपलं १ कमी पडलं. कुठे, ते रेघ मारलेल्या गृहीतकाकडे पाहिलं की कळतं. ताणाचा तिरकेपणा आपण सरासरी वेगावरून धरला. भिंतीजवळ अक्षीय वेग सरासरीहून कमी असतो, स्पर्शीय वेग मात्र बराच टिकून असतो. तिथला प्रवाह जास्त तिरका जातो, म्हणून भिंत जास्त पीळ खाते. उदाहरणात बीटा ०.०१८ ऐवजी ०.०२६८ धरा, १३ मीटरचे ८.७ मीटर होतात. तरीही तब्बल ८७ व्यास.

पायरी ७: पीळ वाढला की

स्वर्ल नंबर वाढत गेला की वरचं रेषीय गणित सुटत जातं. पायरी ३ मधली चढत्या दाबाची उतरंड अक्षीय वेगाला मध्यावर खड्डा पाडते. पुरेसा जोर असेल तर मध्ये प्रवाह थांबतो, उलटतो, आणि बुडबुड्यासारखा किंवा मळसूत्रासारखा भाग तयार होतो. याला व्होर्टेक्स ब्रेकडाउन म्हणतात. नळीतल्या प्रयोगांत सर्पकाया यांनी १९७१ मध्ये त्याची वेगवेगळी रूपं दाखवली.

या अवस्थेची सीमारेषा श्यानता बाजूला ठेवून काढता येते. घन फिरणं आणि एकसारखा अक्षीय वेग घ्या आणि त्यावर लहानशी सममित लहर टाका. तिचा त्रिज्येवरचा आकार पहिल्या क्रमाच्या बेसेल फलनाचा निघतो. ही लहर प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी उभी राहू शकते का, असा प्रश्न विचारला की अट मिळते: २ × ओमेगा × त्रि ÷ म = ३.८३, म्हणजे त्या बेसेल फलनाचं पहिलं शून्य. कडेचा स्पर्शीय वेग अक्षीय वेगाच्या १.९२ पट झाला की लहरी वरच्या दिशेला, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, सरकू शकतात. ब्रूक बेंजामिन यांनी १९६२ मध्ये ब्रेकडाउनची तुलना कालव्यातल्या हायड्रॉलिक जंपशी केली ती याच धाग्यावरून: वरचा प्रवाह लहरींना मागे रेटतो, खालचा रेटू शकत नाही, आणि मध्ये उडी.

१.९२ हा आकडा या आदर्श आकारापुरताच आहे. गाभा बारीक असेल किंवा पाइप रुंदावत असेल, तर ब्रेकडाउन बऱ्याच कमी पिळाला येतो. फ्रान्सिस टर्बाइनच्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालच्या, पाणी बाहेर नेणाऱ्या रुंदावत्या नळीत) कमी लोडवर हेच घडतं. तिथे भोवऱ्याचा दोर मळसूत्रासारखा फिरतो, रनरच्या वेगाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वेगाने, आणि दाबाचे ठोके सगळ्या यंत्राला जाणवतात. सममित, स्थिर मॉडेलमध्ये हा दोर कधीच दिसणार नाही. तिथे त्रिमितीय आणि काळानुसार बदलणारं गणितच लागतं.

स्थैर्याबद्दल एवढंच सांगतो. साध्या लॅमिनर पाइप प्रवाहात सूक्ष्म विक्षोभ कोणत्याही रेनॉल्ड्स नंबरला वाढत नाहीत. पाइप अक्षाभोवती जोरात फिरवला की मात्र, मध्यावरचा वेग आणि त्रिज्या धरून काढलेल्या रेनॉल्ड्स नंबरला, अवघ्या ८२.९ वर ते वाढू लागतात. टिमथी पेडली यांनी १९६९ मध्ये हे दाखवलं. 'फिरणं म्हणजे स्थैर्य' असं सरसकट धरू नका.

पायरी ८: संगणकावर

आता ओपनफोम किंवा तुमच्याकडे असेल ते पॅकेज उघडा. ओपनफोम मोफत आहे आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचं शिकवणीसाहित्य खुलं ठेवलं आहे.

आधी टर्ब्युलन्स मॉडेलचा प्रश्न. के-एप्सिलॉन (टर्ब्युलन्सचा परिणाम एका जादा श्यानतेने, 'एडी श्यानते'ने, दाखवणारं मॉडेल) पटकन जमतं म्हणून सगळे तेच लावतात. ते पिळात कुठे फसतं हे कागदावर दोन ओळींत दिसतं. पाइप स्वतःच फिरतो आहे आणि प्रवाह पूर्ण विकसित झाला आहे, अशी कल्पना करा. कोनीय संवेगाचा समतोल सांगतो की र² × एकूण स्पर्शीय ताण कुठेही बदलत नाही. मध्यावर तो शून्य, म्हणून सगळीकडे शून्य. के-एप्सिलॉनमध्ये ताण म्हणजे एडी श्यानता × र × (व/र चा उतार). तो शून्य, म्हणजे व/र स्थिर, म्हणजे घन फिरणं. एडी श्यानता कशीही बदलली तरी उत्तर तेच. प्रयोगांत मात्र व जवळपास र² च्या प्रमाणात दिसतो. मॉडेलचे स्थिरांक बदलून ही उणीव भरून निघत नाही, ती रचनेतच आहे. म्हणून पीळ महत्त्वाचा असेल तिथे रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेलकडे जा, ते टर्ब्युलन्सचा प्रत्येक ताण वेगळ्या समीकरणाने काढतं. वेळ जास्त लागतो, धावणी कधी अडखळते, पण ताणांच्या दिशा त्याला कळतात. सौम्य पीळ किती अंतरात विरेल एवढंच हवं असेल, तर के-एप्सिलॉनने सुरुवात करायला हरकत नाही, मात्र वेगाच्या आकारावर विश्वास ठेवू नका.

आउटलेटवर दाब सगळीकडे शून्य ठेवण्याची सवय पिळात घातक ठरते. पायरी ३ प्रमाणे तिथे दाब त्रिज्येवर बदलायलाच हवा. सपाट दाब लादलात, तर मॉडेल मध्यातला द्रव मागे खेचेल आणि तुम्ही त्याला ब्रेकडाउन समजाल. त्रिज्यीय समतोलाचा पर्याय निवडा, किंवा पाइप इतका लांब घ्या की आउटलेटपर्यंत पीळ संपलेला असेल.

इनलेटवर फक्त स्वर्ल नंबर जुळवून भागत नाही, आकारही द्या. घन गाभा आणि बारीक गाभा यांचा स्वर्ल नंबर एकच असू शकतो आणि तरी पुढचा प्रवाह वेगळा निघतो.

डिस्क्रीटायझेशन (समीकरणं जाळीवरच्या आकड्यांत बदलण्याची रीत) पहिल्या क्रमाच्या अपविंडवर ठेवू नका. ते खोटी श्यानता मिसळतं आणि पीळ प्रत्यक्षापेक्षा लवकर मरतो. चित्र देखणं येतं, त्यामुळे चूक लपते.

धावणी संपली की रंगीत चित्रांकडे जाण्याआधी हे करा. दर पाच व्यासांवर छेद घ्या आणि प्रत्येकातून जाणारा कोनीय संवेग काढा. लगतच्या दोन छेदांतला फरक मधल्या भिंतीवरच्या पिळाच्या बेरजेशी जुळतो का पाहा. एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर जाळी किंवा अभिसरण तपासा. मग त्या संवेगांचा नैसर्गिक लॉगरिदम क्ष ÷ व्या समोर आलेखावर मांडा. इनलेटजवळचा थोडा भाग सोडला तर बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. रेषेचा उतार म्हणजे बीटा. त्याच धावणीतला लॅम्डा, दाबाच्या घसरणीवरून काढलेला, घ्या आणि भागाकार करा.

लॅमिनर धावणीत ०.६७ यायला हवं, आणि ती धावणी नेहमी सर्वांत आधी करा, कारण तिथे टर्ब्युलन्स मॉडेलची सबब नसते. टर्ब्युलंट, सौम्य पिळाच्या धावणीत दीडच्या आसपास. लॅमिनरमध्ये आकडा ०.८ किंवा ०.९ आला, तर खोट्या श्यानतेचा संशय घ्या आणि जाळी निम्म्या आकाराची करून पुन्हा चालवा. टर्ब्युलंटमध्ये तो १ च्या खाली गेला, तर भिंतीजवळच्या पेशींची जाडी आणि वॉल फंक्शन (भिंतीलगतचा वेग आणि ताण जोडणारं तयार सूत्र) पाहा. त्या पेशीतला तिरकेपणा चुकला की सगळा हिशोब चुकतो.